धुऱ्यावरचा खड्डा

चंद्रपूरच्या ज्या परकोटाच्या आत माझे आयुष्य गेले, त्याची सीमा, दंतकथेवर विश्वास ठेवायचा तर, एका कुत्र्याच्या पावलांनी आखलेली आहे. गोंड राजा खांडक्या बल्लाळशहा झरपट नदीच्या परिसरात मृगयेसाठी हिंडत असता, कपाळावर पांढरा ठिपका असलेल्या एका सशाने उलट राजाच्याच कुत्र्याचा पाठलाग केला, वर्तुळाकार धावता धावता अखेर कुत्र्याने त्याला लोळवले, आणि तो वृत्तान्त ऐकून राणीने त्या धावेच्या मार्गावरच तट बांधण्याचा सल्ला दिला, अशी ही कथा आहे. जटपुरा, पठाणपुरा, बिनबा आणि अचलेश्वर हे चारही दरवाजे आज उभे आहेत. परंतु त्या श्वानाचे नाव काय, तो पुढे कोठे मेला आणि त्याला मूठमाती कोणी दिली, याविषयी कथा मौन पाळते. तेरा वर्षे सोबत केलेला माझा मोती गेला त्या रात्री, सांदवाडीच्या कोपऱ्यात सब्बल घेऊन उभा असताना, हे मौन मला प्रथम जाणवले. आणि मुक्या जिवाला पुरण्याचे काम या प्रांतात आजवर कोणाच्या हातांनी केले, हा प्रश्न तेव्हापासून माझी पाठ सोडीत नाही.

कुत्र्याविषयी जुने दप्तर फारसे काही सांगत नाही. बैलाविषयी मात्र पुष्कळ समजते. पोळ्याच्या आदल्या दिवशी ज्याची खांदशेकणी करायची, ज्याच्या खांद्याला लोणी-हळद चोळायची आणि दुसऱ्या दिवशी ज्याला घरातल्या माणसाच्या मानाने पुरणपोळीचा घास भरवायचा, त्याच बैलाने डोळे मिटले की मालकाचा आणि त्याचा संबंध तत्क्षणी तुटत असे. कारण मेलेले जनावर ओढून नेणे हे महारांवर लादलेले गावकीचे काम आणि त्याचे कातडे हा त्या कामाचा मोबदला, अशी पिढ्यान्‌पिढ्यांची वहिवाट होती. मालगुजाराच्या अमलात त्या वहिवाटीला ‘हक्क’ असे भारदस्त नाव होते. वस्तुतः ती बेडी होती, आणि ज्यांच्या पायात ती होती त्यांच्या यातनेपुढे बैलाच्या मालकाचे दुःख ते कितीसे, हे प्रथम कबूल केले पाहिजे. तरीही त्या व्यवस्थेने मालकाच्या हातून काहीतरी हिरावून घेतले होते, असे मला वाटते. दावे सोडून देऊन तो ओसरीवर बसे, दुसरी माणसे ते कलेवर फरफटत गावाबाहेर नेत, आणि त्याच्या शोकाला टेकायला हातभर जमीनही उरत नसे.

मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मृत जनावरे ओढण्याचे आणि मृतमांस खाण्याचे सोडून द्या, असे आपल्या लोकांना बजावले. आणि नागपूरच्या धर्मदीक्षेनंतर दोनच दिवसांनी, १६ ऑक्टोबर १९५६ रोजी, ते स्वतः चंद्रपुरास येऊन येथील सहस्रावधी लोकांना दीक्षा देऊन गेले. हा इतिहास सर्वस्वी त्यांच्या मुक्तीचा आहे. परंतु त्याच्या काठाने एक लहानसा प्रवाह वाहत गेला, तोही नोंदला जावा असे वाटते: ओढणारे हात सन्मानाने मागे घेतले गेले, तेव्हा मालकाला स्वतःच फावडे उचलावे लागले. धानाच्या बांधीच्या धुऱ्यावर खड्डा खणायचा, देहावर मीठ पसरायचे, माती लोटायची. आणि जिथे माणूस स्वतः घाम गाळून खणतो, तिथे काहीतरी लावल्यावाचून त्याला चैन पडत नाही.

याच जिल्ह्यात वरोऱ्याजवळ, १९५१ च्या सुमारास, सहा कुष्ठरुग्ण, एक लंगडी गाय आणि खिशात १४ रुपये एवढ्या भांडवलावर बाबा आमट्यांनी आनंदवनाचा संसार मांडला. ती जमीन खडकाळ, झुडपांनी माजलेली. बोटे झडलेल्या हातांनी विहीर खणून त्यांनी तिथे भाजीपाला पिकवला, तर रोगाच्या भयाने गावातले लोक तो विकत घेईनात. पुढे देशोदेशींचे स्वयंसेवक तिथे येऊन राहिले, तीच भाजी जेवले, आणि मग गावाची भीड चेपली. समाजाने, पुष्कळदा सख्ख्या नात्यागोत्यानेही टाकलेल्या त्या माणसांना औषधाने जे दिले त्याहून वेगळे काही मातीने दिले, असे माझे मत आहे. लावलेले रोप हात लावणाऱ्याची जात किंवा व्याधी विचारीत नाही. ९ फेब्रुवारी २००८ रोजी बाबा गेले तेव्हा त्यांच्या इच्छेप्रमाणे दहनासाठी लाकूड न जाळता त्यांचा देह आनंदवनाच्याच भूमीत ठेवण्यात आला.

तिकडे भामरागडच्या अरण्यात, हेमलकशाला, १९७३ नंतर डॉ. प्रकाश आमट्यांनी शिकाऱ्यांच्या हाती लागलेली अनाथ पिल्ले घरात वाढवली. विलास मनोहरांच्या ‘नेगल’ या पुस्तकातला बिबट्या त्यांतलाच. तिथे एक जीव गेला तरी दुसरा दाराशी येऊन उभा असे, आणि दूध पाजण्याच्या धावपळीत शोकाला सवड कमीच मिळत असावी. माझ्या घरी दुसरा कोणी येणार नव्हता, म्हणून मी मातीकडे वळलो.

त्या वळण्यात मी एक चूक केली, ती वाचकांनी करू नये. आठवडाभरातच मी त्या जागेवर प्राजक्ताचे रोप लावले, आणि ते पंधरा दिवसांत करपले. देह कुजत असताना माती तापते, नत्राचा मारा कोवळ्या मुळांना सोसत नाही, आणि मीठ घातले असेल तर मूळ तग धरीतच नाही. म्हणून खड्डा कमरेइतका खोल असावा, त्यात मीठ घालू नये, आणि एक पावसाळा पूर्ण जाऊ द्यावा. त्या काळात रोज संध्याकाळी तिथे जाऊन माती सारखी करावी, आजूबाजूचे तण काढावे, पालापाचोळा आणून पसरावा. मला वाटते, खरे सांत्वन त्या रिकाम्या वर्षातच होते. हाडे फार सावकाश झिजतात आणि त्यांतला स्फुरद व चुना झाडाला वर्षानुवर्षे मिळत राहतो.

दुसरे रोप मी पुढल्या वर्षी मृगाचा पाऊस पडल्यावर, खड्ड्यापासून दोन हात सोडून लावले. चंद्रपूरचे तीन उन्हाळे त्याने काढले, आणि गेल्या भाद्रपदात त्याचा पहिला सडा पडला.