आपल्यात खात नाहीत

गेल्या महिन्यात एका रात्री लेकीचा हॉस्टेलवरून फोन आला. "बाबा, रागावू नकोस. मी आज चिकन खाल्लं."

मी रागावलो नाही. निदान मला तरी तसं वाटलं. एवढंच म्हणालो, "अगं, पण आपल्यात खात नाहीत."

"ते माहितीये. तू का खात नाहीस ते सांग."

मग मी कोलेस्टेरॉल, चोथा, पचन असं काहीबाही सांगायला लागलो. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "बाबा, तुला बीपी पण आहे आणि शुगर पण आहे." विषय तिथेच संपला. (घरातल्या मंडळींनी हे वाचून लगेच तिला फोन करू नये, ही विनंती.)

झोप येईना म्हणून कपाटातून 'सत्याचे प्रयोग' काढलं. कॉलेजात वाचलं होतं, पण गांधीजी म्हणजे जन्मापासून मरेपर्यंत पक्के शाकाहारी, एवढंच डोक्यात राहिलं होतं. मधली सगळी गंमत विसरून गेलो होतो.

शाळकरी वयात या माणसाने चोरून मटण खाल्लेलं आहे. इंग्रज मांस खातो म्हणून धिप्पाड आहे आणि म्हणून आपल्यावर राज्य करतो, असं तेव्हा पोरांमध्ये सर्रास बोललं जाई. एका मित्राने ते पटवलं आणि नदीकाठी एकांतात कार्यक्रम झाला. त्या रात्री पोटात जिवंत बोकड ओरडतोय असं वाटून झोप लागली नाही. तरीही वर्षभरात पाच-सहा वेळा खाल्लंच. सोडलं ते मांस वाईट म्हणून नाही, आईवडिलांशी खोटं बोलावं लागतं म्हणून. मोठं झाल्यावर उघडपणे खाऊ, असा बेत होता!

मग १८८८ साली विलायतेला जायचं ठरलं. आई पुतळीबाई घाबरल्या. बेचरजी स्वामी या जैन साधूंनी तोडगा काढला आणि मोहनदासने शपथ घेतली : दारू, परस्त्री आणि मांस यांना शिवणार नाही. ४ सप्टेंबरला मुंबईहून बोट सुटली. तेव्हा तो एकोणीसही पुरा नव्हता. आमची कन्या आता बरोबर तेवढीच आहे.

लंडनमधले पहिले दिवस म्हणजे नुसती उपासमार. सकाळी ओटची लापशी, मग पालक, पाव आणि जॅम. पावाचा आणखी एक तुकडा मागायची लाज वाटायची. एक मित्र बेंथमचं पुस्तक वाचून दाखवत बसला, की अशा अडाणी शपथेला काही अर्थ नाही. पुढे, याने शाकाहार स्वतः निवडल्यानंतरही, त्याने एकदा नाटकाआधी हॉलबर्न रेस्टॉरंटमध्ये जेवायला नेलं, एवढ्या बड्या ठिकाणी हा लाजून काही विचारणार नाही अशा हिशेबाने. पण सूप आलं तशी याने वेटरला खूण केली. मित्र भडकला. सभ्य लोकांत वागता येत नसेल तर बाहेर जा, म्हणाला. हा आनंदाने बाहेर गेला. जवळचं शाकाहारी हॉटेल बंद होतं. उपाशीपोटीच नाटक पाहिलं.

पण त्या पहिल्या दिवसांत मोहनदासचं उत्तरही माझ्यासारखंच होतं. फक्त माझ्या 'आपल्यात'च्या जागी त्याच्याकडे आईला दिलेला शब्द होता. मनातून त्याला वाटत होतं, की सगळ्या हिंदी लोकांनी मांस खावं आणि एक दिवस आपणही खावं.

रोज दहा-बारा मैल पायपीट करता करता फॅरिंग्डन स्ट्रीटवर त्याला शाकाहारी खानावळ सापडली. काचेमागे विक्रीला पुस्तकं होती. एक शिलिंग देऊन त्याने हेन्री सॉल्टचं 'ए प्ली फॉर व्हेजिटेरियनिझम' घेतलं आणि आत जाऊन विलायतेतलं पहिलं पोटभर जेवण जेवला. पुस्तक पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं. त्या दिवसापासून आपण स्वतःच्या निवडीने शाकाहारी झालो, असं तो सांगतो. ताटात काहीच बदललं नव्हतं, तरी मला ते वाक्य वाचून थांबावंच लागलं.

निवडीचे फायदे काय झाले, तेही पाहण्यासारखं आहे. घरून मागवलेल्या मसाल्यांची गरज संपली, उकडलेला पालक गोड लागू लागला. चव जिभेत नसून मनात असते, हे तेव्हा कळलं. एका खोलीत राहून, स्वतः लापशी आणि कोको शिजवून, दिवसाचं खाणं एक शिलिंग तीन पेन्सात भागू लागलं. अंड्याचा प्रश्न आला. मांसाच्या तीन व्याख्या वाचल्या, पण शपथ आईने दिली म्हणून आईचीच व्याख्या खरी, असं ठरवून थोडे दिवस खाल्लेली अंडी बंद केली. बेजवॉटरमध्ये क्लब काढला, स्वतः चिटणीस झाला. १८९० मध्ये लंडन व्हेजिटेरियन सोसायटीच्या कार्यकारिणीवर गेला. त्याचे छापलेले पहिले लेखही १८९१ मध्ये 'द व्हेजिटेरियन'मध्येच आले.

त्याच कार्यकारिणीत डॉ. ॲलिन्सन होते. ते संततिनियमनाचा पुरस्कार करत म्हणून त्यांना काढायचा ठराव आला. मोहनदासला त्यांची मतं पटत नव्हती. पण शाकाहाराच्या संस्थेत नीतीची दुसरी कसोटी कशाला, म्हणून तो ठरावाच्या विरोधात उभा राहिला. भाषण लिहून नेलं आणि वाचायचं धैर्य झालं नाही. दुसऱ्याने वाचलं. ॲलिन्सन गेलेच.

हे वाचताना मला आमचा फ्लॅट आठवला. भाड्याने देताना एजंटने विचारलं होतं, "शाकाहारीच ना?" मी सवयीने "हो" म्हणालो होतो. 'आपल्यात' हा शब्द कुणाला बाहेर ठेवतो, हे मला तेव्हा दिसलं नव्हतं असं नाही.

११ जून १८९१ला, निघायच्या आदल्या दिवशी, त्याने शाकाहारी मित्रांना निरोपाची मेजवानी दिली. कुठे? त्याच हॉलबर्न रेस्टॉरंटमध्ये. मॅनेजरला सांगून सगळा शाकाहारी बेत करवून घेतला. भाषणाचं मात्र पहिल्या वाक्यानंतर बोंबललं.

जुलैत बोट मुंबईला लागली. मोठे भाऊ धक्क्यावर आले होते. आई गेल्याची बातमी घरच्यांनी त्याला विलायतेत कळवलीच नव्हती. ती तिथे कळली.

चाळीस वर्षांनी, २० नोव्हेंबर १९३१ला, गांधीजी लंडनच्या त्याच संस्थेपुढे बोलले. शेजारी म्हातारे सॉल्ट बसले होते. केवळ तब्येतीसाठी शाकाहारी झालेले बहुतेक जण परत मांसाकडे वळतात, त्याला नीतीचा पाया हवा, असं त्यांनी सांगितलं. म्हणजे माझं कोलेस्टेरॉल तिथेही पडलंच.

रविवारी लेकीला फोनवर हॉलबर्नच्या दोन्ही गोष्टी सांगितल्या. फ्लॅटचीही सांगितली. ती थोडा वेळ गप्प होती.

"मग तुझं उत्तर काय, बाबा?"

"शोधतोय," म्हटलं.

दिवाळीला येणार आहे. पुस्तक तिच्या टेबलावर काढून ठेवलंय. तिच्या आईने विचारलं, अंड्याचा केक आणायचा की बिनअंड्याचा? म्हटलं, तिलाच विचार.