हरिभाऊ आपट्यांची लेखनपद्धती : साप्ताहिक, साधने आणि सार्वजनिक जीवन

हरि नारायण आपटे (१८६४–१९१९) यांच्या कादंबऱ्यांचा विचार मराठीत प्रायः दोन दिशांनी झालेला आहे. सामाजिक कादंबऱ्यांतील वास्तवदर्शनाचा गौरव करावयाचा, आणि ऐतिहासिक कादंबऱ्यांतील पाल्हाळ व इतिहासाशी न जुळणारे तपशील यांबद्दल तक्रार करावयाची, अशी ही विभागणी आहे. दोन्ही मतांत तथ्य आहे. परंतु दोन्ही मते बांधीव पुस्तक समोर ठेवून बनलेली आहेत, आणि हरिभाऊंच्या बहुतेक कादंबऱ्या पुस्तक म्हणून लिहिल्याच गेल्या नव्हत्या. त्या कोणत्या परिस्थितीत, कोणत्या साधनांच्या आधारे आणि इतर कोणती कामे सांभाळून लिहिल्या गेल्या, हे ध्यानात घेतल्याशिवाय त्यांच्या गुणदोषांचा उलगडा नीट होत नाही.

१८९० साली हरिभाऊंनी ‘करमणूक’ हे साप्ताहिक काढले. त्या वेळी त्यांचे वय सव्वीस वर्षांचे होते. तत्पूर्वी ‘मधली स्थिती’ ही त्यांची पहिली कादंबरी रेनॉल्ड्सच्या छायेत सुरू होऊन हळूहळू पुण्यातील समाजजीवनाकडे वळली होती. ‘केसरी’ आणि ‘सुधारक’ ही पत्रे जे प्रबोधन वादविवादाने करीत, ते घरगुती वाचकापर्यंत मनोरंजनाच्या वाटेने पोचवावे, हा ‘करमणुकी’चा हेतू होता. हे पत्र सुमारे सत्तावीस वर्षे, १९१७ पर्यंत चालले. ‘पण लक्षांत कोण घेतो’, ‘मी’, ‘उषःकाल’, ‘जग हें असें आहे’ या कादंबऱ्या त्यात क्रमशः प्रसिद्ध झाल्या.

साप्ताहिकाचे हे बंधन लेखनपद्धतीच्या मुळाशी आहे. संपादकही तेच आणि कादंबरीकारही तेच असल्यामुळे मजकूर उशिरा देण्याची सोय नव्हती. छापून गेलेले प्रकरण वाचकांच्या हाती पडल्यावर मागे जाऊन कथानकाची दिशा बदलता येत नसे. पुढचे प्रकरण लिहिताना मागच्याची आठवण वाचकाला करून देणे भाग असे. पाल्हाळ म्हणून ज्याला दोष दिला जातो, त्यातील बराचसा भाग या आठवण करून देण्यातून निर्माण झालेला आहे. ‘गणपतराव’, ‘आजच’, ‘सूर्यग्रहण’, ‘कर्मयोग’ अशा कादंबऱ्या अपूर्ण राहिल्या, याचेही एक कारण येथेच शोधावे लागते. संपूर्ण हस्तलिखित सिद्ध करून मग छापावयास देणारा लेखक अपूर्ण कृती स्वतःजवळ ठेवू शकतो. क्रमशः लिहिणाऱ्याचे अपूर्णत्व मात्र सर्वांदेखत उघडे पडते.

याच पद्धतीचा लाभ सामाजिक कादंबरीला झाला. ‘पण लक्षांत कोण घेतो’ ही यमूच्या तोंडून सांगितलेली कथा १८९० ते १८९३ या काळात प्रसिद्ध होत होती. नेमक्या याच काळात, १८९१ साली, संमतिवयाचा कायदा संमत झाला आणि त्यावरील वादाने पुणे ढवळून निघाले. ज्या घरांत हा वाद पुरुषांच्या तोंडून ऐकू येत होता, त्याच घरांत दर आठवड्याला एका बालविधवेचे आत्मकथन पोचत होते. या कथनाची साधने कोणत्याही दफ्तरात नव्हती. एकत्र कुटुंबातील बायकांचे बोलणे, माजघरातील व्यवहार, केशवपनाची दहशत हे सर्व निरीक्षणाने आणि ऐकण्याने मिळवावयाचे होते. गोविंदराव व काशीबाई कानिटकर या दांपत्याशी हरिभाऊंचा निकटचा स्नेह होता, आणि स्वतः लेखिका असलेल्या काशीबाईंशी त्यांचा वाङ्मयीन पत्रव्यवहार चाले. स्त्रीच्या मनोव्यापारांविषयी त्या काळच्या पुरुष लेखकाला क्वचितच लाभणारा संवाद त्यांना येथे लाभला.

ऐतिहासिक कादंबरीच्या बाबतीत स्थिती वेगळी होती. येथे काळ दोन-अडीचशे वर्षे मागचा, आणि साधने नुकतीच कोठे उजेडात येऊ लागलेली. ‘उषःकाल’ १८९५ मध्ये सुरू झाली. रायगडावरील शिवसमाधीच्या जीर्णोद्धाराची चळवळ त्याच वर्षी ‘केसरी’ने हाती घेतली होती. शिवकालाविषयीची उत्कंठा वाढलेली, पण शिवकालाचे कागद मात्र दृष्टिआड, असा हा क्षण होता. अभ्यासकापुढे ग्रँट डफचा १८२६ चा इतिहास, त्यावर नीळकंठ जनार्दन कीर्तने यांनी १८६७ मध्ये केलेली टीका, आणि १८७८ पासून ‘काव्येतिहाससंग्रहा’च्या द्वारे प्रसिद्ध होऊ लागलेल्या बखरी, एवढीच मुख्य सामग्री होती. राजवाड्यांच्या ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड १८९८ साली निघाला, आणि तोही १७५० ते १७६१ या कालखंडाचा. न्यायमूर्ती रानड्यांचा मराठी सत्तेच्या उदयावरील ग्रंथ १९०० चा, भारत इतिहास संशोधक मंडळाची स्थापना १९१० ची, आणि जेधे शकावली टिळकांनी प्रसिद्ध केली ती १९१६ साली. हरिभाऊंचे शिवकालावरील लेखन तोपर्यंत आटोपले होते.

हा सनावळीचा क्रम पाहिला म्हणजे ‘उषःकाला’ची रचना समजू लागते. तिच्या केंद्रस्थानी शिवाजी महाराज नसून सुलतानगडचे किल्लेदार रंगराव अप्पा आणि त्यांचा पुत्र नानासाहेब आहेत. एकाची निष्ठा विजापूरच्या दरबाराशी, तर दुसऱ्याचे मन स्वराज्याकडे ओढ घेणारे. कल्पित घराणे पुढे आणून ऐतिहासिक पुरुष पार्श्वभूमीस ठेवण्याची ही रीत स्कॉटची आहे, हे खरे. परंतु ती येथे साधनांच्या तुटवड्यालाही उत्तर देते. जेथे कागद मुका आहे, तेथे कल्पित पात्रांना बोलू द्यावे, आणि ज्ञात पुरुषाच्या चरित्रात मनचे घालण्याचा प्रसंग शक्यतो टाळावा, असा संयम त्या रचनेत दिसतो. शिवाय पितापुत्रांतील हा पेच हरिभाऊंना सामाजिक कादंबरीतून परिचित होता. जुनी निष्ठा आणि नवा विचार यांचा एकाच घरात झालेला झगडा त्यांनी सतराव्या शतकात नेऊन ठेवला.

‘गड आला पण सिंह गेला’ या कादंबरीत (१९०३–०४) हा संयम राखणे अवघड होते, कारण तेथे नायकच इतिहासप्रसिद्ध आहे. तानाजीच्या पराक्रमाचे सभासदाच्या बखरीतील वर्णन आटोपशीर आहे. रायबाच्या लग्नाचा प्रसंग आणि घोरपडीची कथा ही तुळशीदासाच्या पोवाड्यातून लोकमानसात रुजली, आणि तो पोवाडा अ‍ॅक्वर्थ व शाळिग्राम यांच्या १८९१ च्या संग्रहामुळे सुशिक्षित वाचकांनाही सुलभ झाला होता. हरिभाऊंनी बखरीपेक्षा पोवाड्याची परंपरा जवळ केली. याचा परिणाम कादंबरीपुरता राहिला नाही. तानाजीच्या बलिदानामुळे १६७० मध्ये कोंढाण्याचे नाव सिंहगड झाले, ही समजूत तिच्यामुळे अधिकच दृढ झाली. वस्तुतः १६६३ च्या शिवकालीन पत्रातच ‘सिंहगड’ हे नाव आढळते. कादंबरीकाराने उपलब्ध परंपरेचा उपयोग केला यात दोष नाही. दोष येतो तो पुढील पिढ्यांनी कादंबरीलाच साधन मानले तेव्हा.

हरिभाऊंच्या ग्रंथबाह्य जीवनाचा विचार केला तर एक विसंगती नजरेस येते. त्यांचे चुलते महादेव चिमणाजी आपटे यांनी पुण्यात आनंदाश्रम ही संस्था १८८८ साली स्थापन केली, आणि तिची व्यवस्था हरिभाऊंनी दीर्घकाळ पाहिली. संस्कृत हस्तलिखिते मिळवावयाची, प्रती ताडून पाठभेद नोंदवावयाचे आणि मग ग्रंथ शुद्ध स्वरूपात छापावयाचा, ही तेथील शिस्त होती. ज्या वास्तूत एकेका शब्दासाठी अनेक पोथ्या उघडल्या जात, तिचा व्यवस्थापक दर आठवड्याला ‘करमणुकी’साठी नवे प्रकरण लिहीत असे. तेव्हा साक्षेपी संशोधन म्हणजे काय, हे त्यांना ठाऊक नव्हते असे म्हणण्यास जागा नाही. भाषेच्या इतिहासातील त्यांची गती १९१५ च्या विल्सन भाषाशास्त्रीय व्याख्यानांनी सिद्धही केली. शास्त्र आणि कादंबरी या दोन कामांचे नियम त्यांनी वेगळे मानले, एवढाच निष्कर्ष निघतो.

पुणे नगरपालिकेचे ते अनेक वर्षे सभासद आणि काही काळ अध्यक्ष होते. प्लेगने पुण्याला ग्रासले त्या वर्षांतही ‘करमणूक’ चालूच होती. १९१२ साली अकोल्याच्या साहित्यसंमेलनाचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. या सार्वजनिक कामांनी कादंबरीलेखनाचा वेळ खाल्ला, अशी हळहळ व्यक्त होते. ती अर्धीच खरी आहे. अपूर्ण राहिलेल्या कादंबऱ्यांचे मोल या कामांनी घेतले असेल. पण गल्लीबोळांतील शहर, त्यातील कुटुंबे, त्यांची भांडणे आणि दुःखे यांचा जो परिचय सामाजिक कादंबऱ्यांतून प्रतीत होतो, तो लोकांत वावरणाऱ्या माणसाचा आहे.

हरिभाऊंच्या अभ्यासकाने म्हणून दोन गोष्टी एकत्र ठेवल्या पाहिजेत. ‘करमणुकी’च्या अंकांतील प्रकरणांचा क्रम ही एक, आणि त्या त्या वर्षी कोणती ऐतिहासिक साधने छापून उपलब्ध होती याची नोंद ही दुसरी. अशा तुलनेने कोठे साधन अपुरे पडले, कोठे वेळ अपुरा पडला आणि कोठे लेखकाने समजून-उमजून कल्पनेची वाट धरली, हे पृथक् करता येईल. १८९५ साली उजेडात न आलेल्या कागदांच्या आधारे ‘उषःकाला’ला दोषी ठरविणे अन्यायाचे आहे. तसेच, ते कागद आज हाताशी असताना सिंहगडाच्या नावाची उपपत्ती कादंबरीतून घेणे हाही प्रमाद आहे. पहिल्या चुकीत लेखकावर अन्याय होतो, दुसऱ्या चुकीत इतिहासावर.