सर्पगंधा : मुळीपासून मिलिग्रॅमपर्यंत

जालना जिल्ह्यातील केदारखेड्याला शिक्षकांशी गप्पा चालल्या होत्या. एका गुरुजींनी विचारले, "रक्तदाबावर मुळी सहाणेवर उगाळून देतात. ती झाडाची, म्हणजे अपाय नाहीच. मग गोळी कशाला?" प्रश्न साधा वाटतो, पण त्याचे उत्तर सर्पगंधेच्या इतिहासात दडलेले आहे.

सर्पगंधा हे सह्याद्रीच्या ओलसर जंगलांतही आढळणारे लहानसे झुडूप. सर्पदंश, निद्रानाश आणि वेड यांवर त्याची मुळी आपल्याकडे पूर्वापार वापरात होती. सर्पदंशावर तिचा उपयोग सिद्ध झालेला नाही. उरलेल्या दोन उपयोगांत मात्र तथ्य निघाले.

1931 साली कलकत्त्याच्या गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी लिहिले, की ही मुळी वेडाबरोबरच वाढलेल्या रक्तदाबावरही गुणकारी आहे. त्याच वर्षी दिल्लीच्या तिब्बिया कॉलेजात सलीमुज्जमान सिद्दीकी आणि रफत हुसेन सिद्दीकी यांनी मुळीतून पाच अल्कलॉइड वेगळे केले. अल्कलॉइड म्हणजे वनस्पतीत तयार होणारी, नायट्रोजन असलेली, बहुधा कडू संयुगे. क्विनीन आणि कॅफीन ही ओळखीची उदाहरणे. पाचांतल्या एकाला त्यांनी हकीम अजमल खान यांच्या स्मरणार्थ 'अजमलिन' नाव दिले. गंमत अशी, की रक्तदाब उतरवणारे मुख्य संयुग या पाचांत नव्हतेच!

पुढचे पाऊल मुंबईत पडले. हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी रक्तदाबाच्या 50 रुग्णांना सर्पगंधेच्या गोळ्या दिल्या आणि त्यांच्या रक्तदाबाच्या नोंदी ठेवल्या. 1949 मध्ये त्यांचा लेख 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये प्रसिद्ध झाला. 'गुण येतो' या म्हणण्याच्या जागी आता आकडे आले, आणि ते जगभरच्या डॉक्टरांना पडताळून पाहता येऊ लागले. 1957 साली वकील यांना अमेरिकेचा लास्कर पुरस्कार मिळाला.

दरम्यान 1952 मध्ये स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीतील म्युलर, श्लिटलर आणि बाइन यांनी मुळीतून रिसर्पिन वेगळे केले. शोध लागत नव्हता ते संयुग हेच. मज्जातंतूंच्या टोकांशी सूक्ष्म पिशव्यांत नॉरॲड्रेनॅलिनसारखी संदेशवाहक रसायने साठवलेली असतात. रिसर्पिन ही साठवण बंद पाडते. रक्तवाहिन्या आवळण्याचा निरोप क्षीण होतो, त्या सैलावतात आणि रक्तदाब उतरतो.

पण याच पिशव्या मेंदूतही असतात. वापर वाढला तसे काही रुग्णांत औदासीन्य दिसू लागले. हा संबंध तेव्हा वाटला तितका सरळ नाही, असे पुढील अभ्यासांत दिसले. तरी सुस्ती, चोंदलेले नाक, मंदावलेली नाडी हे परिणाम नक्की होते. अधिक सोयीची औषधे आल्यावर रिसर्पिन मागे पडले. विज्ञानाला मात्र त्याने आणखी एक देणगी दिली. रिसर्पिन दिलेले ससे निपचित पडत. स्वीडनच्या आर्विड कार्लसन यांनी 1957 मध्ये त्यांना एल-डोपा टोचून पुन्हा हालते केले. कंपवाताच्या उपचाराची वाट त्यातून निघाली आणि 2000 साली कार्लसन नोबेल पुरस्काराचे एक मानकरी ठरले.

आता गुरुजींच्या प्रश्नाकडे वळू. रिसर्पिनची रोजची मात्रा पाव मिलिग्रॅम किंवा त्याहूनही कमी. एक ग्रॅम वाळलेल्या मुळीत ते सुमारे एक मिलिग्रॅम असते. पण जमीन, हंगाम, मुळीचे वय यांप्रमाणे कमी-अधिक होते. सहाणेवर किती उतरले, हे कसे कळणार? शिवाय मुळीसाठी अख्खे झाड उपटावे लागते. अशा उपशामुळे सर्पगंधा इतकी घटली, की 1990 साली तिच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर 'साइट्स' कराराखाली नियंत्रण आले.

मुळी खोटी नाही, गुरुजी. ती खरोखर काम करते, आणि म्हणूनच ती मोजल्याशिवाय घ्यायची नाही.