तालमीतून आलेले स्वामी

भातलावणी उरकली, की मावळातली म्हातारी माणसं ओसरीवर बसून बोलायला मोकळी होतात. आमच्याकडे अशा बैठकीत लोहगड-विसापूर यायचे, घाटातली रेल्वे यायची आणि हमखास यायचे लोणावळ्याचे 'साधूबाबा'. आजोबांचे चुलते सांगत, "त्यो साधू पानी वढतो गड्या, पर तोंडानं न्हाई, खालनं!" पोरं खिदळायची, आजी डोळे वटारायची.

गोष्ट अचाट वाटली तरी थाप नव्हती. हठयोगातली ती बस्ती क्रिया. साधूबाबा म्हणजे स्वामी कुवलयानंद. लोणावळ्याला येण्याआधीच त्यांनी बडोद्याच्या दवाखान्यात क्ष-किरणांखाली उड्डियान आणि नौली या पोटाच्या क्रिया तपासून पाहिल्या होत्या. नौलीत पोटाचे स्नायू ताणले की मोठ्या आतड्यातला दाब बाहेरच्यापेक्षा कमी होतो, म्हणून पाणी आपसूक वर चढतं, हे त्यांनी पाऱ्याच्या दाबमापकावर दाखवलं. कमी दाबाच्या त्या पोकळीला नाव दिलं आपल्या गुरूंचं, मालसरच्या परमहंस माधवदासजींचं. चमत्काराला मोजपट्टी लावणारा साधू आजोबांच्या त्या चुलत्यांना मात्र कधी पटला नाही.

आजोबांची गोष्ट वेगळी. ते प्राथमिक शाळेत मास्तर. स्वामीजींबद्दल बोलताना ते योगाकडे फारसे वळत नसत. म्हणत, "अरे, तो मूळचा तालमीतला माणूस!" मला आजोबांचंच म्हणणं जास्त खरं वाटतं. स्वामीजींचं मूळ नाव जगन्नाथ गणेश गुणे, जन्म १८८३, डभोईचा. संस्कृतात हुशार, मॅट्रिकला जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्तीचे मानकरी. पण १९०७ ते १९१० ही ऐन उमेदीची वर्षं त्यांनी घालवली बडोद्यात, राजरत्न माणिकरावांच्या जुम्मादादा व्यायामशाळेत. माणिकराव नुसते वस्ताद नव्हते, नावाजलेले हाडवैद्यही होते. शंभर माणसं एका हुकुमावर हलवायची विद्या, म्हणजे संघव्यायाम, गुणे तिथेच शिकले. आणि तोवर फौजी इंग्रजीत सुटणारे ते हुकूम माणिकरावांनी हिंदीत आणले होते.

पुढे अमळनेरला गुणे शिक्षक झाले, राष्ट्रीय महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. १९२३ साली ते महाविद्यालय बंद पडलं आणि वर्षभरात, १९२४ च्या दसऱ्याला, लोणावळ्यात त्यांची योगसंस्था, कैवल्यधाम, उभी राहिली. 'योगमीमांसा' हे त्रैमासिकही त्याच ऑक्टोबरातलं. १९२७ साली आजारी गांधीजींनी त्यांच्याकडे पत्रांतून आसनांचा सल्ला मागितला होता. मोठ्या माणसांच्या अशा हकिगती कैवल्यधामाबद्दल पुष्कळ सांगितल्या जातात.

आजोबा थांबत ते दुसरीकडेच. १९३६ साली स्वामीजींचं 'यौगिक संघ व्यायाम' निघालं. गुहेत एकट्यानं करायची आसनं शाळेच्या पटांगणात रांगेनं, हुकुमावर, आकड्यांवर करायची! आज यात कुणाला नवल वाटणार नाही, कारण जगभर योगवर्ग असेच भरतात. त्या काळी मात्र साधूंना ही कवायत वाटली असेल आणि पहिलवानांना पोरखेळ. पण बडोद्याच्या तालमीत घडलेल्या माणसाला दुसरं सुचणार काय? दुसऱ्याच वर्षी मुंबई सरकारच्या शारीरिक शिक्षण मंडळाचं अध्यक्षपद त्यांच्याकडे आलं. १९३८ ला कांदिवलीत शारीरिक शिक्षणाचे शिक्षक घडवणारी सरकारी संस्था सुरू झाली. आजोबांच्या शाळेतही पोरं ओळीनं भुजंगासन घालू लागली, मग पावसाळ्यात पटांगणात तळं साचलं की व्हरांड्यात. लोणावळ्याला चिक्की घ्यायला उतरणाऱ्यांना हे सारं कोण सांगणार, हा आजोबांचा ठरलेला टोमणा.

स्वामीजी १८ एप्रिल १९६६ ला गेले. त्याआधी, १९५० च्या सुमारास, त्यांनी गोरधनदास सेकसरिया यांच्या नावानं योगाचं महाविद्यालय सुरू केलं होतं. ते अजून चालू आहे. तिथून पदविका घेतलेले शिक्षक शाळाशाळांत जातात. वेळापत्रकात त्यांच्या वाट्याला बहुधा दिवसाचा शेवटचा तास येतो, आणि परीक्षा जवळ आल्या की तोही गणिताचे सर मागून घेतात.