रूम नावाचा मुलूख

'बायझंटाइन साम्राज्य' हे नाव शाळेच्या पुस्तकापासून आपल्या ओळखीचे आहे. त्या साम्राज्यातल्या माणसांना मात्र ते परके वाटले असते. 330मध्ये कॉन्स्टंटाइनने बायझँटियन या जुन्या ग्रीक नगराच्या जागी नवी राजधानी, कॉन्स्टँटिनोपल, उभारली. पुढे शतकानुशतके तिथले लोक ग्रीक बोलत आणि स्वतःला 'ऱ्होमाइओइ', म्हणजे रोमन म्हणवत. त्यांच्या इतिहासाला 'बायझंटाइन' हे विशेषण चिकटू लागले ते हिएरोनिमस वोल्फ या जर्मन पंडिताने 1557मध्ये काढलेल्या ग्रंथसंग्रहापासून. तोवर साम्राज्यच उरले नव्हते; कॉन्स्टँटिनोपल 1453मध्येच पडले होते.

खरे नाव जपले ते शेजाऱ्यांनी. अरबीत हे राज्य 'रूम'. कुराणातल्या तिसाव्या सुऱ्याचे नावच 'अर्-रूम' आहे. पुढे सेल्जुक तुर्कांनी अनातोलिया घेतले, तेव्हा त्यांनीही मुलखाचे नाव पुसले नाही. कोन्या इथून राज्य करणारे त्यांचे सुलतान 'रूमचे सुलतान' झाले, आणि कोन्यात स्थायिक होऊन 1273मध्ये तिथेच देह ठेवणारे सूफी कवी जलालुद्दीन जगाचे 'रूमी' झाले. उस्मानी तुर्कांनी आपल्या युरोपातल्या प्रदेशाला 'रूमेली' म्हटले. धर्म बदलला, भाषा बदलली, राजे बदलले. शब्द मातीला धरून राहिला.

सोळाव्या शतकात हिंदुस्थानात 'रूमी' म्हणजे बहुधा उस्मानी मुलखातून आलेला माणूस, आणि तोफांच्या कामात त्याला मोठा मान होता. विजापूरच्या बुरुजावरची मुलूख मैदान तोफ 1549मध्ये निजामशाहीच्या अहमदनगरात ओतली गेली. ती ओतणाऱ्या मुहम्मद नावाच्या उस्तादाची ओळखही 'रूमी' हीच आहे.

पूर्वेकडे या शब्दाने रूप बदलले. इराणी भाषांमध्ये रोमचे 'ह्रोम' आणि 'फ्रोम' झाले, आणि त्यातूनच तांग काळातल्या चिनी ग्रंथांतला 'फूलिन' आला असे अभ्यासक मानतात. आठव्या शतकात काबूलच्या एका तुर्क शाही राजाने नाण्यांवर आपले नाव कोरले: 'फ्रोमो केसरो', रोमचा सीझर! 718मध्ये कॉन्स्टँटिनोपलने अरबांचा वेढा परतवला होता, आणि काबूलही अरबांशीच झुंजत होते. त्या विजयाच्या कीर्तीतूनच राजाने हे नाव घेतले असावे. तिबेटी महाकाव्याचा नायक गेसर याचे नावही याच 'केसर'शी जोडले जाते.

'सीझर' उत्तरेकडेही गेला. स्लाव भाषांत 'त्सेसार' आणि मग 'त्सार', आपला 'झार'. रशियन लोक कॉन्स्टँटिनोपललाच 'त्सारग्राद' म्हणत. इव्हान चौथा 1547मध्ये झार म्हणून अभिषिक्त झाला. त्याच्या आधीच, कॉन्स्टँटिनोपल जिंकणाऱ्या उस्मानी सुलतान मेहमेद दुसऱ्याने 'कैसर-ए-रूम' हा किताब घेतला होता. 1877मध्ये व्हिक्टोरिया राणीच्या नावाने 'कैसर-ए-हिंद'ची द्वाही फिरली, तेव्हा हीच किताबांची परंपरा आपल्या दारात आली.

'बायझंटाइन' म्हटले की हा सगळा गोतावळा तुटतो. कोन्याचा सुलतान, मॉस्कोचा झार आणि काबूलचा राजा एकाच वारशाची नावे मिरवत होते, हे त्या नावातून कळतच नाही. म्हणून मराठी पुस्तकांनी 'पूर्व रोमन साम्राज्य' हे नाव आधी द्यावे आणि 'बायझंटाइन' कंसात ठेवावे, असे मला मनापासून वाटते.