विटी, मल्लखांब आणि पडद्यावरचा खेळ

विटीदांडूच्या खेळात सहा-सात शब्द असे आहेत की, ते मराठी मुलांच्या तोंडी पिढ्यान्‌पिढ्या बसले असूनही मराठी नाहीत. वकट, लेंड, मुंड, नाल, आर, वेद आणि शेवटी झकू, ही ती मालिका होय. गावोगाव उच्चार थोडेफार बदलतात. पुण्याच्या पेठेत वाढलेल्या मुलास हे शब्द केवळ निरर्थक व गमतीचे वाटले तर नवल नाही; परंतु किनवटच्या आठवडी बाजारात ज्याने दोन घटका काढल्या असतील, त्यास त्यांचे कूळ विचारावे लागत नाही. तेलुगूत एकास ओकटि म्हणतात, दोहोंस रेंडु, तिहींस मूडु, चारांस नालुगु, सहांस आरु आणि सातांस एडु. पाचाचा ‘अयिदु’ वाटेत कोठे गळला कोण जाणे! किनवट तालुका १९५६ सालापर्यंत हैदराबाद राज्याच्या आदिलाबाद जिल्ह्यात होता आणि राज्यपुनर्रचनेत तो नांदेड जिल्ह्यास जोडला गेला. तेव्हा येथे हे शब्द परके वाटत नाहीत यात आश्चर्य ते काय? आश्चर्य असेल तर ते एवढेच की, तेलुगूचा गंधही नसलेल्या दूरच्या गावांतून मुलांनी ते इतक्या निष्ठेने जतन केले.

परंतु ह्या शब्दांचे खरे महत्त्व व्युत्पत्तीत नाही. ती केवळ अंकांची नावे नसून हालचालींची नावे आहेत. विटी जेथे पडेल तेथून गलीपर्यंतचे अंतर दांडूने मोजावयाचे, मोजताना वकट, लेंड, मुंड असे म्हणत जावयाचे, आणि मोजणी ज्या शब्दावर संपेल त्या शब्दाने सांगितलेल्या रीतीने पुढचा टोला हाणावयाचा, असा बहुतेक ठिकाणचा नियम आहे. एका शब्दास विटी पायाच्या चवड्यावर ठेवून उडवितात, दुसऱ्यास मुठीवर, तिसऱ्यास बोटांच्या बेचक्यात, आणखी एकास डोळ्यापाशी. म्हणजे मागच्या टोल्याचे अंतर पुढच्या टोल्याची अंगस्थिती ठरविते. हे हातवाऱ्यांचे एक लहानसे व्याकरणच म्हणावयाचे. ते कोणत्याही पुस्तकातून शिकविले जात नसे. थोरल्या भावाचा हात पाहून धाकटा शिकत असे.

हे सारे येथे सांगण्याचे कारण असे की, व्हिडिओ गेम तयार करणारे लोक गेली कित्येक वर्षे जवळजवळ हाच प्रश्न सोडवू पाहत आहेत. खेळणाऱ्याच्या अंगाची हालचाल हीच त्याची आज्ञा व्हावी, बटणांची मध्यस्थी नसावी, असा त्यांचा मनोरथ आहे. तो कितपत सिद्धीस गेला आणि नियंत्रणाची ही साधने अधिक सुधारल्यास खेळात काय पालट होईल, हे पाहू गेल्यास आपल्याकडील जुन्या खेळांची साक्ष उपयोगी पडते असे मला वाटते.

पडद्यावरच्या खेळाचा आरंभ हाताच्या अगदी किरकोळ चाळ्याने झाला. १९५८ साली न्यूयॉर्कजवळील ब्रुकहेव्हन प्रयोगशाळेत विल्यम हिगिनबॉथम या पदार्थविज्ञान्याने पाहुण्यांच्या करमणुकीकरिता प्रयोगशाळेतील एका विद्युत्-उपकरणाच्या पडद्यावर टेनिस खेळण्याची सोय केली. तीत एक खुंटी पिळावयाची आणि एक बटण दाबावयाचे, एवढेच काम होते. १९७२ सालचा अटारी कंपनीचा ‘पाँग’ही खुंटी पिळूनच खेळत. १९८२ साली निंटेंडोच्या गुन्पेई योकोई याने चार दिशा दाखविणारी अधिकचिन्हाच्या आकाराची कळ बसविली आणि तेव्हापासून जगातील कोट्यवधी मुलांचे सर्व शौर्य दोन अंगठ्यांत येऊन राहिले. १९८९ साली अमेरिकेत हातमोज्यासारखे एक साधन विकावयास आले, ‘पॉवर ग्लव्ह’ त्याचे नाव. जाहिरात मोठी, पण त्याच्यासाठी म्हणून रचलेले खेळ हाताच्या बोटांवर मोजावे इतकेच निघाले. २००३ साली सोनीने दूरचित्रवाणी संचावर लहानसा कॅमेरा बसवून पाहिला. खरी खळबळ उडाली ती २००६ साली, निंटेंडोच्या ‘वी’ या यंत्राने.

‘वी’चे कौतुक ज्यांनी अनुभवले त्यांस आठवत असेल की, हातात रिमोट धरून टेनिसची रॅकेट फिरवावी तसा तो फिरवावयाचा आणि पडद्यावरचा चेंडू टोलवला जावयाचा. आजी-आजोबांपासून नातवंडांपर्यंत सर्व घर दिवाणखान्यात उभे राहून हात फिरवू लागले. या भरात कित्येकांच्या मनगटावरील दोरी तुटून रिमोट थेट पडद्यावर आदळले, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात कंपनीस सुमारे ३२ लाख दोऱ्या बदलून देण्याचे जाहीर करावे लागले. विटी डोळ्यात जाईल म्हणून मुलास ओरडणाऱ्या आईस हे वाचून समाधान वाटावे. पुढे या यंत्राचे दहा कोटींहून अधिक नग खपले.

तथापि लवकरच मुलांच्या लक्षात एक गोष्ट आली. हात पुरा फिरविण्याची गरजच नाही! आरामखुर्चीत रेलून मनगटाला नुसती एक झटकी दिली तरी यंत्र तोच टोला मानते. याचे कारण त्याच्या रचनेत होते. रिमोटच्या पोटातील मापक हाताच्या वेगात होणारा बदल तेवढा टिपतो. हात कोठे आहे हे त्यास ठाऊक नसते. बदलावरून वेग आणि वेगावरून जागा काढू म्हटले, तर लहानशी चूक काळाच्या वर्गाच्या प्रमाणात फुगते. मापकाच्या नोंदीत दर सेकंदास, दर सेकंदाला १० सेंटिमीटर एवढीच चूक राहिली, तर एका सेकंदात जागेचा अंदाज ५ सेंटिमीटरने चुकेल, पण दहा सेकंदांत तो ५ मीटरने चुकेल. म्हणजे हात शेजाऱ्याच्या घरात गेला असे यंत्र समजेल. हा दोष काढण्यासाठी २००९ साली रिमोटला वळण मोजणारा जायरोस्कोप जोडण्यात आला आणि मनगट कोणत्या अंगाने वळले हे यंत्रास बरेचसे कळू लागले.

परंतु झटकीची लबाडी हा केवळ यंत्राचा दोष होता काय? विटीदांडूत अशी लबाडी होत नसे, कारण तेथे पाहणारे डोळे पाच-दहा असत आणि ते सर्व प्रतिपक्षाचे असत. ‘रडीचा डाव’ हा वाक्प्रचार उगीच रूढ झालेला नाही. पंच म्हणून एकटे यंत्रच असले म्हणजे त्यास फसविणे हाच एक खेळ होऊन बसतो. मापक कितीही सूक्ष्म केले तरी ही उणीव भरून निघत नाही; ती भरून निघावयाची तर शेजारी दुसरा खेळगडी उभा असला पाहिजे.

२०१० च्या नोव्हेंबरात मायक्रोसॉफ्टचे ‘किनेक्ट’ आले. त्यात हातात काहीच धरावयाचे नव्हते. अदृश्य अशा तांबड्यापलीकडच्या किरणांचे ठिपके खोलीभर पसरून यंत्र माणसाची आकृती ओळखे आणि सांध्यांची हालचाल टिपे. पहिल्या साठ दिवसांतच त्याचे ८० लाख नग खपले, आणि २०१७ साली त्याचे उत्पादनच थांबले. सात वर्षांत एवढा चढ आणि एवढा उतार! त्याची कारणे व्यापाराचीही होती. पण खेळाच्या दृष्टीने पाहता हे यंत्र सेकंदास ३० चित्रे पाही. दांडूच्या टोकाची गती सेकंदाला १० मीटर धरली, तर एका चित्रापासून दुसऱ्या चित्रापर्यंत ते टोक ३३ सेंटिमीटर सरकलेले असते; विटीची लांबी त्याहून किती कमी! अर्ध्या मीटरवर उडविलेली विटी खाली येईपर्यंत अवघ्या सेकंदाचे दोन-तृतीयांश जातात, आणि तेवढ्यात मुलगा नेम धरून टोला हाणतो. बोटांची बेचकी तर त्या पहिल्या किनेक्टास दिसतच नव्हती. तेव्हा ‘नाल’ आणि ‘मुंड’ यांतील भेद त्यास कळणे अशक्य होते.

ही मर्यादा मात्र झपाट्याने मागे हटत आहे. डोक्यावर घालावयाच्या उपकरणांत आता बोटेही ओळखली जातात. दृष्टी सुधारेल यात मला शंका नाही. शंका आहे ती निराळीच, आणि ती सांगण्यासाठी मल्लखांबाकडे वळले पाहिजे.

मल्लांनी स्तंभावर करावयाच्या व्यायामाचा उल्लेख ‘मानसोल्लास’ या बाराव्या शतकातील ग्रंथात आढळतो. त्याचा कर्ता चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर कल्याणीस राज्य करीत होता, आणि ते कल्याणी, म्हणजे आजचे बसवकल्याण, लातूर जिल्ह्याच्या सीमेपासून फार दूर नाही. पुढे दुसऱ्या बाजीरावाच्या पदरी असलेल्या बाळंभट्टदादा देवधरांनी ह्या विद्येचे पुनरुज्जीवन केले. आज मल्लखांब हा प्रेक्षणीय कसरतींचा प्रकार म्हणून ओळखला जातो. परंतु त्याच्या नावातच त्याचे मूळ प्रयोजन आहे. जोडीदार नसताना पेच घटवावयाचा तर समोर काही तरी पाहिजे. म्हणून सागाचा खांब पुरला, त्यास एरंडेल चोळून घामेजलेल्या अंगासारखा निसरडा केला, आणि त्याच्याशी कुस्ती आरंभिली. लाकडाचा कृत्रिम प्रतिस्पर्धी! आजच्या भाषेत ज्यास आभासी खेळगडी म्हणतात, त्याचाच हा पूर्वज मानावयास काय हरकत आहे?

मल्लखांबास डोळे नाहीत, पण अंग आहे. तो पेच ओळखत नाही. चुकीचा धरला तर मात्र तो तुम्हांस खाली टाकतो. किनेक्टास डोळे आहेत, पण अंग नाही. पडद्यावरच्या मल्लास मारलेली थाप हवेतच विरते, तळहातास काहीच लागत नाही, आणि जेथे काही लागत नाही तेथे हात काही शिकत नाही. दांडूचा टोला बरोबर बसला की नाही हे मुलास विटी पडण्यापूर्वीच, तळहातास बसलेल्या झिणझिणीवरून कळते. ह्या एका उणिवेमुळे अंगचालनाचे खेळ नव्याचे नऊ दिवस संपताच कंटाळवाणे होतात, असे माझे मत आहे.

चतुर रचनाकारांनी ही अडचण ओळखलेली दिसते. २०१८ साली प्रागमधील एका लहानशा कंपनीने ‘बीट सेबर’ नावाचा खेळ काढला. त्यात प्रकाशाच्या तलवारींनी तालावर ठोकळे कापावयाचे असतात. प्रकाशास वजन नसतेच, तेव्हा ते हातास लागले नाही तरी चुकल्यासारखे वाटत नाही. २०२० साली सोनीने आपल्या नव्या यंत्राच्या कळींत असा यांत्रिक अडथळा बसविला की, पडद्यावर धनुष्य ओढताना बोटास खरोखरच ताण जाणवावा. हा मार्ग मला योग्य दिशेचा वाटतो, मग आज तो दोन बोटांपुरताच का असेना.

अर्धांगवायूच्या रोग्यांचा हात पुन्हा चालता करण्यासाठी ‘वी’चा उपयोग होईल अशी वैद्यांस मोठी आशा होती. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या चार देशांतील एका प्रयोगात १४१ रोग्यांपैकी निम्म्यांस दोन आठवडे ‘वी’ खेळावयास दिले आणि निम्म्यांस पत्ते, चेंडू असे साधे खेळ दिले. दोन्ही गटांच्या हातांत सारखीच सुधारणा झाली. यंत्र निरुपयोगी ठरले नाही. पण पत्त्यांच्या जोडापेक्षा ते सरसही ठरले नाही.

आता राहिला प्रश्न, यंत्र कोणाच्या हालचाली शिकते हा. ‘वी’सोबत जो खेळसंच मिळे त्यात टेनिस, बेसबॉल, बोलिंग, गोल्फ आणि मुष्टियुद्ध हे पाच खेळ होते. किनेक्टास माणसाचे अंग ओळखावयास शिकविण्यासाठी सुमारे पाच लाख अंगस्थितींचा जो संग्रह वापरण्यात आला, त्यात वाहन हाकणे, नाचणे, लाथ मारणे, धावणे अशा हालचाली होत्या. यात कोणाचा कट नाही. ज्याच्या अंगणात यंत्र घडते त्याच्या अंगणातील खेळ यंत्रास आधी कळतात. खो-खोतला पाटीवर उकिडवा बसलेला गडी एका बाजूने पाहणाऱ्या कॅमेऱ्यास कोड्यात टाकतो, कारण त्याचा अर्धा देह दुसऱ्या अर्ध्याआड दडलेला असतो. त्यास ओळखावयास शिकवावयाचे तर कोणी तरी त्याची चित्रे जमविली पाहिजेत.

असे काम आपल्याकडे पूर्वी झालेच नाही असे नाही. बडोद्याच्या दत्तात्रय चिंतामण करंदीकर-मुजुमदारांनी १९३६ ते १९४९ या काळात दहा खंडांचा ‘व्यायामज्ञानकोश’ सिद्ध केला. शरीराची हालचाल शब्दांत व चित्रांत पकडण्याचा तो उद्योग पाहिला म्हणजे, एका माणसाची चिकाटी किती असू शकते याचा अचंबा वाटतो. त्यांच्याजवळ छापखाना होता, हालचाल मोजणारे यंत्र नव्हते. आज ते यंत्र किनवटच्या कोणत्याही दुकानात मिळते. ‘वी’च्या रिमोटात जे दोन मापक होते, ते हल्लीच्या बहुतेक मोबाइल फोनांत असतात.

मात्र नोंद करावयाची तर ती फोन हातात धरून नको, कारण फोनचे वजन दांडूचे नव्हे. २०१८ साली अनिल कुंबळे यांच्या कंपनीने क्रिकेटच्या बॅटवर चिकटवावयाचा एक मापक पुढे आणला. बॅट तीच, चेंडू तोच, आणि टोल्याचा वेग व वळण मात्र बाजूच्या पडद्यावर उमटते. बाभळीच्या दांडूस हीच युक्ती लागू पडेल. वजन लाकडाचे राहील, झिणझिणी तळहाताची राहील, आणि मोजणी तेवढी यंत्राची होईल. अडचण पुढेच आहे: तीन गावांतील तीन गृहस्थांस नाल खेळून दाखवावयास सांगितले, तर तिघे विटी तीन ठिकाणी ठेवण्याचा संभव फार, आणि त्यांपैकी एकही आपली नाल खोटी असल्याचे कबूल करणार नाही. नोंदणाऱ्याने तिन्ही नोंदवाव्या, आणि वादही नोंदवावा.