हिवाळ्यातील अलिबाग : ऋतू, वारा आणि तिथी यांचे जुने गणित

१/
डिसेंबर उजाडला की मुंबई-पुण्याच्या घराघरांत एकच बेत शिजू लागतो : अलिबागला कधी जायचे? हल्ली हा प्रश्न रजा आणि खोलीचे भाडे पाहून सुटतो. परंतु या किनाऱ्यावर पूर्वी तो तीन गोष्टींना विचारूनच सोडवला जाई : ऋतू, वारा आणि तिथी. ज्यांनी त्यांना विचारले नाही, त्यांची किंमत इतिहासात नोंदलेली आहे. #धागा

२/
प्रथम ऋतू. कोकणच्या दर्याचे वर्ष दोन भागांत वाटलेले असते. ज्येष्ठापासून नैर्ऋत्येचा वारा समुद्र खवळवून सोडतो. होड्या किनाऱ्यावर ओढल्या जातात, बंदरे ओस पडतात. श्रावणातील नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ अर्पण करायचा आणि मगच होडी लोटायची, ही कोळी समाजाची रीत. ती जितकी श्रद्धेची, तितकीच हिशेबाची आहे.

३/
दसऱ्यानंतर आभाळ निवळते आणि समुद्र शांत होतो. कार्तिकापासून फाल्गुनापर्यंतचा काळ हा दर्यावर्दींचा सुगीचा हंगाम. व्यापारी गलबते, लढाऊ गुराबे, मासेमारीचे मचवे, सगळ्यांचे वर्ष या काही महिन्यांत सामावलेले असे. ज्याला आज आपण पर्यटनाचा हंगाम म्हणतो, तो मुळात नौकानयनाचा हंगाम आहे.

४/
दुसरा वारा. हिवाळ्यात या किनाऱ्यावर वाऱ्याचे वेळापत्रक जवळजवळ ठरलेले असते. रात्री उशिरापासून सकाळपर्यंत जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारा वाहतो. दुपारी तो पालटून समुद्राकडून खारा वारा सुटतो. शिडाची होडी पहाटे मतलईवर बाहेर पडे आणि दुपारच्या खाऱ्या वाऱ्यावर किनारा गाठी. तांडेलाची ‘पहाटे निघू’ ही आज्ञा आळस मोडण्यासाठी नव्हे, वारा गाठण्यासाठी असे.

५/
तिसरी तिथी. भरती-ओहोटी चंद्राच्या हाती आहे आणि आपले पंचांगही चंद्राचेच. त्यामुळे कोकणात एक सोपा आडाखा रूढ झाला : तिथीची पाऊणपट केली की भरती पूर्ण होण्याची वेळ मिळते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, दशमीला साडेसात. शुद्ध पक्ष असो वा वद्य, हिशेब तोच. त्यात सुमारे सहा तास मिळवले की ओहोटीची वेळ येते.

६/
हा आडाखा केवळ मासळीसाठी नव्हता. अलिबागसमोरच्या कुलाबा किल्ल्याचे संरक्षणच त्यावर उभे होते. किनाऱ्यापासून थोड्या अंतरावरच्या खडकावर हा किल्ला बांधलेला आहे. ओहोटीला तेथे पायी जाता येते, भरतीला तो बेट होतो. म्हणजे दिवसातून दोनदा किल्ल्याचा खंदक आपोआप भरतो आणि दोनदा रिकामा होतो.

७/
या किल्ल्याची उभारणी शिवछत्रपतींच्या हयातीच्या अखेरीस, १६८० मध्ये सुरू झाली आणि संभाजी महाराजांच्या काळात पुरी झाली. तटाचे प्रचंड दगड चुन्याशिवाय एकमेकांवर रचलेले दिसतात. लाटेचे पाणी फटींतून आत शिरते आणि तिचा जोर मोडतो. समुद्राशी झुंजण्याऐवजी त्याला वाट करून देणारी ही रचना आहे.

८/
ऋतू ओळखून वागण्याचे धडे त्याआधी खांदेरीवर गिरवले गेले होते. १६७९ मध्ये पावसाळा सरता सरता मराठ्यांनी त्या बेटावर तट बांधण्यास हात घातला. मुंबईच्या तोंडाशी किल्ला होतो आहे हे पाहून इंग्रजांनी जहाजे पाठवली. १८ ऑक्टोबर १६७९ रोजी मराठी गलबतांनी त्यांच्यावर चाल केली. इंग्रजांचे ‘डव्ह’ हे जहाज मराठ्यांच्या हाती लागले. ‘रिव्हेंज’ने मात्र टिकाव धरला.

९/
इंग्रजांची जहाजे मोठी, तोफा भारी. परंतु वारा पडला की ती जागच्या जागी खिळत. मराठ्यांच्या होड्या लहान, उथळ बुडाच्या आणि वल्ह्यांवर चालणाऱ्या. रात्रीच्या अंधारात त्या किनाऱ्यावरून बेटावर रसद पोहोचवीत राहिल्या आणि खांदेरी मराठ्यांकडेच राहिली. २०२५ मध्ये जागतिक वारसा यादीत गेलेल्या १२ किल्ल्यांत या खांदेरीचा समावेश आहे.

१०/
पुढे सरखेल कान्होजी आंग्रे यांनी कुलाब्याला आपल्या आरमाराचे मुख्य ठाणे केले. या किनाऱ्यावरून जाणाऱ्या जहाजाने आंग्र्यांचे दस्तक घ्यावे, असा त्यांचा आग्रह. इंग्रज आणि पोर्तुगीज यांना तो मान्य नव्हता. ते कान्होजींना चाचा म्हणत. कान्होजींच्या लेखी मात्र दस्तक न घेता जाणारा हाच गुन्हेगार. या वादाचा निकाल लावण्यासाठी अलिबागच्या इतिहासातील सर्वांत मोठी हिवाळी मोहीम आखली गेली.

११/
सन १७२१. इंग्लंडहून कमोडोर मॅथ्यूज याच्या हाताखाली राजाच्या आरमाराची जहाजे मुंबईस आली. गोव्याहून पोर्तुगीज विजरई जातीने सैन्य घेऊन निघाला. दोन्ही फौजा चौलजवळ एकत्र आल्या. काळ निवडला तो डिसेंबरचा : समुद्र शांत, वाटा कोरड्या, आभाळ स्वच्छ. ऋतूचे गणित त्यांनी अचूक मांडले होते.

१२/
चुकले ते बाकीचे. किल्ल्याभोवतीचे पाणी दर सहा तासांनी पालटणार. तेथे शिड्या लावून बसता येत नाही. म्हणून मुख्य हल्ला किनाऱ्यावरील अलिबागच्या कोटावर झाला. तो फसला. तेवढ्यात छत्रपती शाहूंनी धाडलेली मराठी फौज घेऊन बाजीराव पेशवे येऊन ठेपले. शांत समुद्र जसा शत्रूला खुला होता, तसे कोरडे घाटही मराठी घोडदळाला खुले होते. हिवाळा दोन्ही बाजूंना सारखाच उपयोगी पडतो, हे आक्रमकांच्या ध्यानात आले नव्हते.

१३/
घोडदळ अंगावर येताच पोर्तुगीज फळी कोसळली आणि तिच्याबरोबर इंग्रजांचा बेतही. जानेवारी १७२२ मध्ये पोर्तुगिजांनी मराठ्यांशी तह केला आणि इंग्रज एकटे पडले. मग एकमेकांवर दोषारोप करीत दोस्त पांगले. कान्होजी हयात असेपर्यंत, म्हणजे १७२९ पर्यंत, कुलाबा कोणाच्याही हाती लागला नाही.

१४/
शंभराहून अधिक वर्षांनी तो गेला, तो मात्र तोफेवाचून. आंग्र्यांच्या घराण्यात वारस उरला नाही असे ठरवून १८४० मध्ये कंपनीने संस्थान खालसा केले. आज किल्ल्यावर चाकांच्या गाड्यांवरील ज्या इंग्रजी तोफा पाहून लोक छायाचित्रे काढतात, त्या नंतरच्या काळातील आहेत. आंग्र्यांच्या लढायांशी त्यांचा संबंध नाही. त्या लढायांच्या काळाशी अधिक जवळचे नाते आहे ते राघोजी आंग्र्यांनी १७५९ मध्ये बांधलेल्या आतील गणेश मंदिराचे.

१५/
अलिबागच्या शांततेचा शोध मुंबईने कसा लावला, हीही एक मौजेची कथा आहे. कुलाब्याच्या, म्हणजे मुंबईतील कुलाब्याच्या, वेधशाळेत पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी होत असत. शहरात विजेची ट्राम येणार असे ठरले. विजेच्या प्रवाहाने सूक्ष्म चुंबकीय नोंदी बिघडणार, हे उघड होते. तेव्हा नानाभाई मूस यांच्या देखरेखीखाली अलिबागला नवी चुंबकीय वेधशाळा उभी राहिली.

१६/
१९०४ पासून तेथे नोंदी सुरू झाल्या. दोन्ही ठिकाणची मापे जुळवून पाहण्यासाठी दोन वर्षे वेध बरोबरीने घेतले गेले आणि १९०७ मध्ये मुंबईत विजेची ट्राम धावू लागली. गजबजाटाला कंटाळून अलिबाग गाठणारे मुंबईचे पहिले रहिवासी हे असे चुंबकीय उपकरणांच्या रूपाने आले. ती वेधशाळा आजही चालू आहे.

१७/
माणसांची ये-जा मात्र फार आधीपासूनची. मुंबईच्या गिरण्या, गोदी आणि घरे कुलाबा जिल्ह्यातील माणसांनी भरली होती. त्यांच्यासाठी अलिबाग सहलीचे ठिकाण नव्हते. ते घर होते. रेवस बंदराला लागणारी बोट ही त्यांची गावाकडची वाट. आणि घराची ओढ ऋतू पाहत नाही.

१८/
१७ जुलै १९४७. स्वातंत्र्याला महिनाही उरला नव्हता. आषाढ अमावास्येच्या तोंडावर गावी निघालेल्या माणसांनी भरलेली ‘रामदास’ ही आगबोट सकाळी भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघाली. ऋतू भर पावसाचा, वारा तुफानाचा, तिथी उधाणाची. जुन्या हिशेबातील तिन्ही उत्तरे ‘नको’ अशीच होती.

१९/
वाटेत लाटांच्या तडाख्यात बोट कलली आणि उलटली. सहाशेहून अधिक माणसे बुडाली. बोटीवर बिनतारी संदेशाची सोय नव्हती. मुंबईला बातमी कळेपर्यंत कित्येक तास उलटून गेले. जे वाचले त्यांतील अनेकांना वाचवले ते मासळी घेऊन निघालेल्या कोळ्यांनी. रायगड जिल्ह्यातील कित्येक गावांत आजही ‘रामदास’ हे नाव घेताना जुनी माणसे क्षणभर थांबतात.

२०/
आज गेटवेहून मांडव्याच्या लाँच मेअखेरीस बंद होतात आणि पावसाळा ओसरल्यावरच सुरू होतात. २०२० पासून भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला मोटारींसह नेणारी मोठी रो-रो बोटही धावते. यंत्रे बदलली, परंतु लहान बोटींचे वेळापत्रक अजूनही मोसमी वाराच लिहितो. ‘हंगाम सुरू झाला’ ही पाटी पाहताना त्यामागचे हे ओझे ठाऊक असावे.

२१/
आता हिवाळ्याचा बेत आखणाऱ्यांसाठी जुन्या आडाख्याचा प्रत्यक्ष उपयोग. पौर्णिमा-अमावास्येला पाणी खूप आत ओसरते. पण ती ओहोटी येते पहाटे आणि तिन्हीसांजेला. अष्टमीच्या सुमारास ओहोटी भर दुपारी येते. पण तेव्हा भांगाचे पाणी असते, म्हणजे ते पुरते ओसरत नाही. भर दुपारी कोरड्या पायांनी किल्ला पाहू म्हणणारे बहुधा येथेच फसतात.

२२/
दोन्ही टोके टाळली की उत्तर मिळते. द्वितीयेला भरती दीडला, म्हणून ओहोटी सकाळी साडेसातच्या सुमारास. पंचमीला भरती पावणेचारला, म्हणून ओहोटी पावणेदहाला. शुद्ध वा वद्य पक्षातील द्वितीया ते पंचमी या तिथींना उधाणाचा जोर अजून शिल्लक असतो, पाणी बऱ्यापैकी आत जाते आणि सकाळचे ऊनही कोवळे असते.

२३/
पाणी ओसरत असताना जावे, चढू लागण्यापूर्वी परत फिरावे. आडाखा हा आडाखाच. नेमकी वेळ भरती-ओहोटीच्या छापील तक्त्यात पाहावी आणि किनाऱ्यावरील घोडागाडीवाल्याला विचारावी. त्याचा ‘आता नको’ हा शब्द शेवटचा मानावा. वेळ चुकवून किल्ल्यात अडकून पडणारे पाहुणे आजही निघतात. त्यांचे नशीब एवढेच की सहा तासांनी वाट पुन्हा उघडते.

२४/
१७२१ च्या सेनापतींनी ऋतू पाहिला, भूमी पाहिली नाही. १९४७ च्या प्रवाशांना पाहण्याची मुभाच नव्हती. बोट सुटते म्हणजे समुद्र जाऊ देतो, असा त्यांनी विश्वास ठेवला. आज सहलीला निघणाऱ्याला ऋतू, वारा आणि तिथी तिन्ही घरबसल्या समजतात. ते पाहून निघणे ही काही फार मोठी दक्षता नव्हे. या किनाऱ्याने ज्यांना परत पाठवले नाही, त्यांच्या स्मृतीला तेवढे तरी देणे लागते.

(समाप्त)